पंधरा मिनिटांचा एस्टोनिया

अख्ख्या न्यू जर्सीत टम्म फुगलेली पुरी दोन बोटांनी कडेकडेने धरून, उजेडात आधी तिची पुढची बाजू आणि मग मागची बाजू तपासून खाणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे खालचे काका. खालचे अशासाठी, की पिस्कॅटवेला मास्टर्स करत असताना मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि ते खाली. नात्यातले वगैरे अजिबात नव्हेत. पण चाळीसगावहून दोन बॅगा घेऊन उतरलेल्या पोराला अमेरिकेत डोकं पांढरं असलेला कुठलाही मराठी माणूस काकाच दिसतो. बरं, पुरीचंच असं होतं म्हणावं तर तेही नाही. पोळी, चकली, कुकरची रिंग, माझ्या लॅपटॉपचं झाकण, सगळं ते कडेनेच धरायचे. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, बोटाला घाम असतो, घामाने नाणं डागाळतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. तो नाण्यांवरून घसरून सगळ्या संसारावर पसरला होता. शर्टाच्या खिशात भिंग कायम. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा पेढा भिंगाखाली घेऊन ते इतका वेळ बघत राहिले, की वाटणाऱ्या मावशी घाबरून म्हणाल्या, "काय हो, केस निघाला का?" काका म्हणाले, "छे, छे. छाप जरा एका बाजूला गेलाय. मी तुमच्या साच्याला दोष देत नाहीये." मावशींनी पुढच्या वर्षीपासून बर्फी केली.

तर काकांना नाणी जमवायचा नाद होता. पण कुठलीही नाही हं. जे नाणं चलनात आलं आणि चार-पाच वर्षांत मेलं, फक्त तेच. "रुपयाकडे बघायला पुष्कळ लोक आहेत, डॉलरकडे तर विचारू नकोस," ते म्हणायचे, "पण जो बिचारा आला, जरा कुठे लोकांच्या खिशात रुळला आणि गेला, त्याच्याकडे कुणी बघायचं?" प्रत्येक नाण्याला पुठ्ठ्याची छोटी चौकट, मधे पारदर्शक खिडकी, चार कोपऱ्यांना चार स्टेपल, आणि खाली काकांच्या कोरीव अक्षरात मराठीत तीन ओळी. जन्म. मृत्यू. कारण. 'कारण: महागाई.' 'कारण: राजा पळाला.' 'कारण: देशच राहिला नाही.' मी पहिल्यांदा ते ड्रॉवर उघडलेलं बघितलं तेव्हा मला वाटलं आपण चुकून म्युनिसिपालिटीच्या जन्ममृत्यू खात्यात आलो. पुढे अमेरिकेने एक सेंटची पेनी पाडणं बंद केलं तेव्हा मला वाटलं काका आता सुतक पाळणार. म्हणून मुद्दाम फोन करून खास पडेल आवाजात म्हटलं, "काका, पेनी गेली." तर म्हणाले, "दोनशे वर्षांच्या वर जगली रे ती. हिचं काय रडायचं? पेढे वाट."

माणसांनाही ते नाण्यांसारखेच ग्रेड द्यायचे. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू अनसर्क्युलेटेड. अजून कुणाच्या खिशात गेलाच नाहीस, म्हणून किनार टोचते." त्यांचा मुलगा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, मोठ्या कंपनीत आहे, फोनवर कायम इंग्लिशमध्ये बोलतो आणि "डॅड, आय हॅव अ हार्ड स्टॉप" म्हणून ठेवतो. त्याला त्यांनी प्रूफ ग्रेड दिलेली. प्रूफ म्हणजे आरशासारखं चकचकीत, खास पाडलेलं. "बघायला सुंदर," काका म्हणायचे, "पण हाताळायचा नाही." आणि पोस्टमनने रोज सकाळी हाऊ आर यू विचारलं की स्वतः म्हणायचे, "गुड." मला बरेच महिने ते साधं गुड वाटलं. मग एकदा त्यांच्या पुस्तकात कळलं, की नाणेवाल्यांच्यात गुड म्हणजे झिजून गुळगुळीत झालेलं. राजाचं नाक, कान, सगळं गेलेलं, नाणं आहे एवढंच कळतं.

आता माझं सांगतो. मला लहानपणापासून नकला करायची खोड. शाळेत हेडसरांची नक्कल करताना मागे हेडसर उभे, हा प्रकार माझ्या बाबतीत तीनदा झालाय. अमेरिकेत आल्यावर तर मला नुसता खजिना मिळाला. त्यात काका म्हणजे हिरा. मान जराशी तिरकी, भिंग डोळ्याला, दोन बोटांत हवेतलं नाणं, आणि तो खर्जातला, प्रत्येक शब्दाला कुरवाळणारा आवाज: "नाणं. कधीही. धुवायचं. नाही. धुतलं की मेलं." स्टुडंट्सच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, याला वन्स मोअर पडायचा. एका रविवारी माझे मित्र वर आलेले असताना मी हेच रंगात येऊन करत होतो आणि सगळ्यांचे चेहरे एकदम पडले. दारात काका. हातात आमच्यासाठी आणलेली चिवड्याची बशी, अर्थात कडेने धरलेली. मी म्हटलं झालं, आता सामान बांधा. काका आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "'कधीही'च्या आधी मी जरा थांबतो. तू थांबला नाहीस. पुन्हा कर." मी पुन्हा केलं. ते गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकून, एकटक बघत राहिले. "अजून काय काय करतोस माझं?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. काका नाही हसले, त्यांना खरंच ऐकायचं होतं.

काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात बोलायला नाणी, आणि नाण्यांच्या खालोखाल मी. त्यातही मी म्हणजे एक कान अभ्यासात, एक कान फोनमध्ये. काकांचं वाक्य सुरू झालं की मी मधेच "हो काका, सेमिनार आहे" म्हणून जिना चढायचो. मंडळातले लोक तर त्यांचा हात खिशाकडे गेला की पार्किंगकडे जायचे. राहिला क्लब. महिन्यातून एका शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात आठ-दहा गोरे म्हातारे नाणी घेऊन जमायचे आणि दर वेळी एक जण उठून पंधरा मिनिटं आपल्या एखाद्या नाण्यावर बोलायचा. या पंधरा मिनिटांचा कडक नियम असा, की मधे कुणी बोलायचं नाही. काका तिथे अकरा वर्षं जात होते, पण त्यांचा नंबर कधी लागला नव्हता. एकदा अध्यक्षांनी विचारलं होतं, तुमच्याकडे इंडियाचं काही छान असेल ना? काका म्हणाले, माझ्याकडे एस्टोनियाचं आहे. अध्यक्ष म्हणाले ओह, आणि तो विषय ओहमध्येच राहिला. शेवटी त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि शनिवार काकांना मिळाला. ते धावत जिना चढून वर आले. धावत! "अरे, पंधरा मिनिटं!" म्हणाले. "मधे कुणी उठणार नाही. कुणाला सेमिनार नाही."

ते एस्टोनियाचं नाणं म्हणजे पाच मार्कांचं. पहिल्या महायुद्धानंतर हा चिमुकला देश स्वतंत्र झाला, हौसेने आपली स्वतःची नाणी पाडली, त्यावर आपले तीन सिंह बसवले, आणि थोड्याच वर्षांत चलनच बदललं. जुनी नाणी परत मागवून वितळवून टाकली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि देशच पुसला गेला. काका एका रंगांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये होते. तिथे त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक एस्टोनियन होता. त्याचा बाप देश सोडून होडीतून पळाला, तेव्हा त्याच्या कोटाच्या अस्तरात हे एक नाणं होतं. मित्र रिटायर झाला त्या दिवशी त्याने ते काकांच्या हातावर ठेवलं. पुढच्याच वर्षी तो गेला. नाणं दिसायला अगदीच यथातथा, गुळाच्या काकवीसारखं काळपट तपकिरी. पण काका म्हणायचे, हा काळपटपणा म्हणजे त्या कोटाचा, त्या होडीचा, त्या बापाच्या बोटांचा आहे. यावरचं भाषण त्यांनी आठवडाभर जिन्याखाली उभं राहून मला ऐकवलं. "मित्रहो, अशा देशाची कल्पना करा, जो आपल्या जवळजवळ सगळ्या माणसांपेक्षा वयाने लहान आहे." त्यातली प्रत्येक लकब मी टिपली होती. कुठे श्वास घेतात, कुठे घसा खाकरतात, सगळं. भाषणात काय सांगतायत हे मात्र मी गाणं ऐकावं तसं ऐकत होतो. म्हणजे चाल पाठ आणि शब्द हवेत.

क्लबच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, लक्ष्मीपूजन होतं. काका दुपारी भाषणासाठी केस कापायला गेले होते. जाताना ते चौकटीतलं नाणं जेवणाच्या टेबलावर नीट मधोमध ठेवून गेले. काकू गेल्यापासून या घरात पणती लागली नव्हती, आणि मला घरची आठवण येऊन कसंसंच होत होतं. म्हटलं काकांना सरप्राइज देऊ. चाळीसगावला व्हिडिओ कॉल लावला. फोन टेबलाला टेकवला, आणि आई तिकडून सूचना देऊ लागली.

"नाणी कुठायत? लक्ष्मीसमोर नाणी हवीत."

"आई, इकडे सगळं कार्डवर चालतं. पार्किंगच्या मीटरसाठी ठेवलेले दोन क्वार्टर सापडले, बघ."

"दोन? लक्ष्मी काय पार्किंग करायला येणारे का? ते काय ते, टेबलावर पुठ्ठ्यात?"

"ते काकांचं जुनं नाणं आहे."

"मग तेच घे की! जुन्याचाच मान असतो. पण शी, किती काळं झालंय ते! बाई नाही ना घरात, दुसरं काय. चिंच आहे का? चिंच-मीठ लाव आणि घास खसाखसा. काळ्या नाण्याची पूजा करतात का कुठे?"

मला शपथेवर सांगता येईल, की त्या क्षणी माझ्या डोक्यात एकही घंटा वाजली नाही. जे वाक्य बोलून मी चार पॉटलक गाजवले होते, ते वाक्य आठवलंच नाही. स्टेपल काढले. इंडियन स्टोअरमधला चिंचेचा कोळ घेतला, त्यात मीठ कालवलं, जुना टूथब्रश आणला, आणि गाणं म्हणत म्हणत घासलं. वर दुधाने आंघोळ. तिन्ही सिंह असे लखलखीत निघाले, जसे काय आजच टांकसाळीतून आलेत. आईने तिकडून टाळी वाजवली. मी नाणं पाटावर मांडून तिन्ही सिंहांना एकेक कुंकवाचं बोट लावलं आणि पणत्या पेटवल्या.

काका आले. पणत्या बघून दारातच थांबले, चेहरा उजळला. "अरे वा," म्हणाले. "अरे वा रे वा." मग पाटाजवळ वाकले. खिशातून भिंग काढलं. आणि तेव्हा, माझ्याच आवाजात, मला ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. धुतलं की मेलं.

"चिंच?" काकांनी विचारलं.

"हो काका."

"मीठ पण?"

"हो."

"ब्रश कुठला?"

"जुना टूथब्रश. काका, मला खरंच... मी विसरलो. सॉरी काका, आय ॲम सो सॉरी..."

"खाचांतूनही काढलंयस," ते म्हणाले. "मन लावून घासलंयस." त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं. टोपी शोधली, सापडली नाही, मग डोक्यावर हातरुमाल टाकला आणि म्हणाले, "आरती म्हण. मी टाळ्या वाजवतो." मी आरती म्हणायला लागलो. काका टाळ्या वाजवत होते, बरोबर तालात. पणत्यांवरून त्यांची नजर हलली नाही, नाण्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

सकाळी मला वाटलं ते जाणार नाहीत. पण आठ वाजता सूट घालून तयार. मी ड्राइव्ह केलं. चर्चच्या तळघरात फोल्डिंग खुर्च्या, डोनट, कॉफीचा मोठा थर्मास. अध्यक्ष गॅलिस घातलेले धिप्पाड आजोबा, फार प्रेमळ. काकांनी नाणं पुढच्या टेबलावर ठेवलं, उभे राहिले, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य न म्हणता सरळ सांगितलं, "हे नाणं धुतलेलं आहे." नाणेवाल्यांच्या सभेत हे म्हणणं म्हणजे बारशाला जाऊन पाळणा पाडणं. एका आजोबांची खुर्ची करकरली. कुणीतरी हळूच "ओ नो" म्हणालं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणी केलं हे?" मी उठायला लागलो. काकांनी माझ्याकडे न बघता दोन बोटं जराशी खाली केली आणि म्हणाले, "मी."

"तुम्ही? पण का?"

काकांना सांगावं लागलं. काल आमचा सण होता, लक्ष्मी नावाची देवी असते, तिच्यासमोर नाणी मांडतात, त्याआधी ती चिंचेने घासतात, दुधाने धुतात. "दुधाने?" एक आजोबा पुढे सरकले. "होल मिल्क का टू पर्सेंट?" नियम मोडून प्रश्न यायला लागले. चिंच म्हणजे काय? दरवर्षी धुता? मग तुमच्या देशात जुनी नाणी टिकतात कशी? डोनट आणणाऱ्या बाई दारातच ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. एकाने वही काढून टॅमरिंडचं स्पेलिंग विचारलं. काका सांगत होते, छान सांगत होते, त्यांच्या आईच्या घरची पूजा, साळीच्या लाह्या, बत्तासे, सगळं. मधेच ते थांबत, एक श्वास घेत, आणि मला कळे की आता ते होडीकडे वळणार. तेवढ्यात पुढचा प्रश्न येई. मग पंधरा मिनिटं संपल्याची घंटी वाजली. खणखणीत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. "अकरा वर्षं आम्ही वाट बघत होतो तुम्ही इंडियाबद्दल सांगाल म्हणून," ते म्हणाले, आणि नाण्यावर वाकून कौतुकाने पुटपुटले, "ब्यूटिफुल लायन्स. इंडियन लायन्स." काकांनी तोंड उघडलं. पण तोवर लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांची बरणी टेबलावर आली होती. काका म्हणाले, "थँक यू."

परत येताना ते म्हणाले, "छान झालं, नाही?"

"हो काका. सगळे ऐकत होते."

"हो ना. एकही उठला नाही." मग दोन सिग्नल गेल्यावर: "एस्टोनिया राहिलाच."

त्यानंतर त्यांनी ते भाषण जिन्याखाली कधी म्हटलं नाही आणि मीही नक्कल बंद केली. माझे मित्र म्हणाले, कर ना यार, ते धुवायचं नाही वालं. मला जमेना. मग माझी डिग्री झाली, श्रूजबरी नावाच्या गावात नोकरी लागली. काकांचा पाय घसरला म्हणून मुलाने घर विकायला लावलं आणि त्यांना बेलव्ह्यूला नेलं. आता रविवारी आमचा फोन असतो. ते मोजून मापून बोलतात, मला काही काम असेल म्हणून आपणच आवरतं घेतात. मुलगा, सून चांगली आहेत. नात गोड आहे, "हाय आबा, बाय आबा" म्हणते. सगळं गुड आहे.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी बिल्डिंगच्या लाँड्रीत होतो. ड्रायर इतका खडखडत होता, की मी फोन स्पीकरवर टाकून म्यूट केला आणि कपड्यांच्या घड्या घालत ऐकू लागलो. हवेचं झालं, औषधांचं झालं. मग काका जरा घुटमळले आणि म्हणाले, "अरे, तुला वेळ असला तर... अशा देशाची कल्पना कर, जो आपल्या जवळजवळ सगळ्या माणसांपेक्षा वयाने लहान आहे." माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ते दोन-तीन वाक्यं बोलले आणि थांबले.

"आहेस ना रे?"

"आहे काका, आहे!" मी म्हटलं. म्यूटवर.

"हॅलो? आहेस?"

मी फोनकडे झेपावलो, तो मशीनवरून घसरला, मी वाकलो, आणि खालून आवाज आला, अगदी हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखा: "गेला वाटतं." आता ते ठेवणार म्हणून मी घाईघाईने बटण शोधलं. पण ते ठेवेनात. त्यांनी घसा खाकरला आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू केलं. माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. आता बोललो असतो तर ते थांबले असते आणि मला काम असेल म्हणाले असते. मी ड्रायर मधेच बंद केला आणि फरशीवर बसलो. पहिल्यांदाच शब्द ऐकत होतो. होडी किती छोटी होती. त्यात किती माणसं होती. मित्राचा बाप म्हातारपणी रोज रात्री कोटाचं अस्तर चाचपून बघायचा. हे त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं असणार. संपल्यावर काका म्हणाले, "थँक यू, जेंटलमेन." फोन चालूच.

मी म्यूट काढला. "काका," मी म्हटलं, "मित्राच्या वडिलांनी ते एकच नाणं का ठेवलं असेल हो? ते चलन तर तेव्हा बंदच झालं होतं ना? मग हेच का?"

मला वाटलं आता रागावतील, ऐकत होतास तर बोलला का नाहीस म्हणतील.

"चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला मी," काका म्हणाले. "आणि हे त्याला विचारायचंच राहिलं रे."